पुस्तकातली फ्लोरेला

डॅमरिस पेग्लर धारा काढताना गात असे आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. सेव्हर्न नदीच्या त्या सगळ्या खोऱ्यात धारा काढणाऱ्या बायका गातच. गाण्याला शब्द नव्हते. घशातून निघणारा एक लांब हेल वर जायचा, मग सावकाश खाली उतरायचा आणि तिथेच घुटमळत राहायचा. डॅमरिसने तो आईकडून उचलला होता. तिच्या आईने, हॅनाने, उभा जन्म दूधघरात काढला. आता मोतीबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली होती, पण कुंपणापलीकडून लेकीचा सूर ऐकून ती बसल्या जागी सांगायची, "आज चेरी लाथा मारतेय वाटतं. पोरगी घाईत आहे."

डॅमरिस तेव्हा हर्ड नावाच्या शेतकऱ्याकडे कामाला होती. तिशीला टेकलेली, रुंद हाडाची, केस गाढवाच्या पाठीसारखे मातकट. हात कोपरापर्यंत लाल, कारण वर्षातला बराच काळ ते चीजच्या कोमट पाण्यात बुडालेले असत. एकदा लग्न ठरले होते. ठरलेला नवरा फ्रेंचांशी लढायला गेला आणि परत आला नाही. तिने त्याचे नाव रविवारच्या प्रार्थनेत ठेवले आणि कामाला लागली.

त्या उन्हाळ्यात पाळकांच्या घरी लॅव्हिंग्टन नावाचे एक साहेब पाहुणे म्हणून येऊन राहिले. लंडनचे, पुस्तके लिहिणारे. प्रकृतीसाठी त्यांना धारोष्ण दूध आणि भरपूर चालणे सांगितले होते, म्हणून रोज संध्याकाळी ते कुरणाच्या कुंपणावर दुधाचा मग घेऊन बसत. माणूस चांगला. धारा काढणाऱ्या बाईशी बोलतानासुद्धा टोपी काढणारा.

"तू सुखी आहेस ना, डॅमरिस?" ते विचारायचे.

"आहे, साहेब."

टोपी काढून कोणी इतक्या मायेने विचारल्यावर चेरीचे आचळ फुटले आहे आणि आपल्या बोटांच्या पेरांतून कळा येतात, हे थोडेच सांगायचे असते?

एका संध्याकाळी चेरीने शेणाने भरलेला पाय थेट बादलीत घातला. असे दूध ठेवत नाहीत. डॅमरिसने बादली ओढली आणि गवतावर पालथी केली. गाय बाईला तुडवणार असे वाटून साहेबांनी कुंपणावरून उडी घेतली, ती घोट्यापर्यंत ताज्या शेणात. चेरीने मान वळवून पाहिले. साहेब गोंधळले आणि तिलाच म्हणाले, "क्षमा करा, बाईसाहेब."

डॅमरिस इतकी हसली की तिला चेरीच्या पोटावर डोके टेकावे लागले. साहेबही हसले. हिवाळ्याआधी ते लंडनला परत गेले आणि ती ते सगळे विसरून गेली.

पुढच्या वर्षी पुस्तक आले. पाळकांची बहीण मिस पर्सिव्हल दर गुरुवारी दुपारी गावातल्या बायकांना शिवणाला बोलवायची आणि शिवण चालू असताना काहीतरी वाचून दाखवायची. त्या गुरुवारी तिचा चेहरा नुसता उजळलेला होता.

"हे आपल्या खोऱ्याबद्दल आहे," ती म्हणाली. "ऐका तर."

पुस्तकात फ्लोरेला नावाची एक पोर होती. केस सोनेरी, पाय उघडे आणि दुधासारखे गोरे. पाठीवर पांढरा पट्टा असलेल्या तपकिरी गाईंच्या कळपात ती पाखरासारखी गायची. गाण्याला शब्दही होते, फुलांचे आणि मेंढपाळाच्या प्रेमाचे. चिंतेला तिच्या दाराची वाट माहीत नव्हती. एकदा गाईने दूध सांडले तर तिने उरलेलेही गवतावर ओतून दिले आणि खळखळून हसली. उद्या कुरण आणखी देईलच, मग जपायचे कशाला? असे पुष्कळ पुढे होते. शेवटी साहेबांनी लिहिले होते की राजवाड्यातल्या राण्यांनी या पोरीचा हेवा करावा.

सुया थांबल्या होत्या. पहिल्यांदा बोलली ती हेस्टर ट्रॉटमन, हर्डकडेच धारा काढणारी, डॅमरिसची जिवाभावाची मैत्रीण.

"सोनेरी केस कुठं लपवलेस गं इतके दिवस?"

"आणि अनवाणी?" दुसरी कोणी म्हणाली. "हर्डच्या गोठ्यात? तिथं मी लाकडी बूट घालूनसुद्धा जपून पाय टाकते."

"राण्यांनी हेवा करावा," हेस्टर म्हणाली. "उद्या पहाटे चारला राणीला पाठवून द्या म्हणावं. चेरी तिच्याकडे."

सगळ्या हसल्या, डॅमरिसही हसली. खरे तर तिला आतून थोडे बरेच वाटले होते. आपल्याबद्दल कोणी छापावे, ही काय लहान गोष्ट आहे? कोपऱ्यात हॅना मान कलती करून सगळे ऐकत होती.

"बाईसाहेब," तिने विचारले, "आणि मी? मी कुठं आहे त्यात?"

मिस पर्सिव्हलने पाने चाळली. "तुम्ही... नाही हो हॅनाबाई. फ्लोरेलाला आई नाही. म्हणजे आईचा उल्लेखच नाही."

"तरीच," हॅना म्हणाली. "आई नाही म्हणूनच दूध ओतून हसतेय पोर."

पुढे महिनाभर गावात डॅमरिसला कोणी डॅमरिस म्हटले नाही. लोहाराच्या दारात, विहिरीवर, चर्चच्या पायरीवर, सगळीकडे ती फ्लोरेला. तिने मनावर घेतले नाही. मग उन्हाळ्यात म्हातारा हर्ड वारला. मुलाने शेती सोडायचे ठरवले आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमासच्या सणाला सगळ्या नोकरांचा करार संपला. डॅमरिस आणि तिची आई राहत होत्या ती झोपडीही हर्डचीच.

गावच्या गरिबांचा कारभार पाहणारा माणूस एका सकाळी येऊन गेला. वाईट नव्हता. दारातच उभा राहून बोलला. "पोरी, तू कुठंही कामाला लागशील. पण म्हातारीला तुझ्याबरोबर कोण ठेवून घेणार? गरीबखान्यात तिची एक खाट आहे. चांगली कोरडी आहे."

गरीबखाना म्हणजे काय ते डॅमरिसला माहीत होते. तिथे म्हाताऱ्या बायका भिंतीकडे तोंड करून बसत आणि दोरखंड उसवत. हॅनाने आपल्या एप्रनची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.

एकच वाट होती. दूधघराच्या मुख्य बाईला राहायला जागा मिळते. नुसती धारा काढणारी नव्हे, जिच्या हाताखाली पोरी असतात, जिच्या हाताने चीज होते ती. नपेंड गावच्या कलिमोर शेतावरची मुख्य बाई वसंतात वारली होती आणि ती जागा अजून भरलेली नव्हती. चीज करायला डॅमरिस आईच्या हाताखाली शिकली होती. हर्डकडे शेवटची तीन-चार वर्षे नाव दुसऱ्या बाईचे आणि हात हिचेच होते.

मायकेलमासच्या जत्रेत नोकरी शोधणारी माणसे चौकात रांगेने उभी राहत. मेंढपाळाच्या टोपीला लोकरीचा गुंता, गाडीवानाच्या टोपीला चाबकाची दोरी, दूधघरातल्या बायकांच्या टोपीला गाईच्या शेपटीच्या केसांचा झुबका. मालक-मालकिणी रांगेवरून फिरत, विचारत, हात पाहत. डॅमरिसने चेरीच्या शेपटीचे केस लावले होते. हॅना मागे गाडीच्या चाकाला टेकून, गाठोडे छातीशी धरून उभी होती.

कलिमोरबाई आली ती तोंडात आल्याची वडी घोळवत. उंच, सपाट, काळा कोट. नवरा होता, पण शेतावर शब्द हिचा चाले. ती डॅमरिससमोर थांबली आणि तिने आधी पायांकडे पाहिले.

"बूट आहेत म्हणायचे," ती म्हणाली. "तूच ना फ्लोरेला?"

"डॅमरिस पेग्लर, मालकीणबाई."

"ते बाप्तिस्म्याचं नाव. मी छापील विचारतेय. माझ्या भाचीनं सगळं वाचून दाखवलं मला. दूध ओतून हसलीस म्हणे. खरं का ते?"

डॅमरिसच्या तोंडाशी उत्तर तयार होते. सोनेरी केस खोटे, उघडे पाय खोटे, त्यांच्यातच हेही ढकलून द्यायचे. साहेबांची कल्पना हो, म्हणायचे, की झाले. मागे गाडीचे चाक करकरले. आई पाय बदलत असावी.

"खरं आहे," ती म्हणाली. "ओतलं, आणि हसलेही. पण त्यात गाईचा पाय पडला होता."

"पाय पडलेलं दूध मीही ओतते. हसत नाही."

"नाही, मालकीणबाई."

"मग तू का हसलीस?"

"साहेब शेणात उतरले आणि गाईची माफी मागत होते."

कलिमोरबाईच्या ओठांचा कोपरा हलला. आल्याच्या वडीमुळेही असेल. तिने डॅमरिसचे हात उलटेसुलटे करून पाहिले, पेरे दाबली.

"हात खोटं बोलत नाहीत," ती म्हणाली. "पण डोक्याचं मला माहीत नाही. जुलैत चीजचा व्यापारी येतो. तो माझ्या माळ्यावरच्या चीजवर बुटांनी चालून बघेल, पेलतं की खचतं ते. तोवर राहा. मग बघू."

"आई आहे बरोबर."

"भट्टीघरावर एक खोली आहे. तिलाही जुलैपर्यंत. आणि एक ऐकून ठेव. गाणंबिणं नाही. तुझ्या हाताखाली चार पोरी असणार. मला माझ्या गोठ्यात फ्लोरेलांचा कळप नकोय."

"शब्द देते," डॅमरिस म्हणाली.

कलिमोरबाईने तिच्या तळहातावर शिलिंग ठेवला, सौदा झाला. त्याच दिवशी तिने हेस्टरलाही धारा काढायला घेतले. "ही तरी कुठल्या पुस्तकात नाही," म्हणाली.

हिवाळा सोपा गेला. गाई आटल्या होत्या, दूधघरात घासपूस तेवढी. हॅनाला भट्टीघरावरची खोली फार मानवली, कारण खालच्या धुराड्याची ऊब भिंतीतून वर यायची. ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि म्हणायची, "देवानं माझ्यासाठी चूल उभी करून ठेवलीय."

मग वसंत आला, गाई व्यायल्या, गवत वर आले, आणि आता दुधाचा लोंढा यायला हवा होता. तो आला नाही. दूध होते, पण हात आखडून दिल्यासारखे. म्हाताऱ्या गाई थोडा थोडा पान्हा चोरत होत्या. पॅन्सी नावाची एक पहिलारू होती, ती तर चार धारा द्यायची आणि मग दगडासारखी उभी राहायची.

डॅमरिसला कारण माहीत होते. हेस्टरलाही माहीत होते. खोऱ्यातली प्रत्येक गाय वासरू असल्यापासून तो हेल ऐकत वाढलेली असते. नवे हात, आणि तेही मुके. गाय काय समजणार?

"सांग ना तिला," हेस्टर म्हणाली. "मालकीण काय गाय खाते होय?"

"काय सांगू? गायला द्या म्हणून? जुलैच्या आधी? फ्लोरेला बोलली असं म्हणेल ती."

इथेच डॅमरिसचे चुकले. त्या पुस्तकातल्या पोरीसारखे आपण काही म्हणून करायचे नाही, असा तिने धसकाच घेतला होता. ती पोर गात होती, म्हणून ही ओठ मिटून राहिली. ती हसत होती, म्हणून ही हसेना आणि दुसऱ्यांनाही हसू देईना. पोरींची गोठ्यातली कुजबुज तिने बंद केली. एकीच्या बादलीतून दूध हिंदकळले तर डॅमरिसने तिच्याकडे असे पाहिले की पोर रडू लागली. आईने हे सगळे खिडकीतून ऐकले होते, म्हणजे ऐकू न आल्यामुळे तिला कळले होते.

"गोठा आहे की थडगं?" तिने संध्याकाळी विचारले. "देवाला ऐकू जाईल इतपत तरी गुणगुण."

"शब्द दिलाय, आई."

"शब्द मालकिणीला दिलास. पॅन्सीला काय देतेस?"

रोज सकाळी दुधात मुरवण घातल्यावर डॅमरिस पृष्ठभागावर बोटाने क्रूस काढायची आणि मनात म्हणायची, जेवढे आहे तेवढे नीट होऊ दे. मे महिन्याच्या अखेरीस एका सकाळी, दही कापून हलवण्याच्या ऐन वेळी, हॅनाला खोकल्याची अशी उबळ आली की खालपर्यंत ऐकू आली. डॅमरिस हातातले टाकून वर धावली. आईला बसवले, पाणी दिले, पाठ चोळली. खाली आली तेव्हा पिंपातले दही जास्त वेळ गरम राहून गेले होते. तिने ते तसेच दाबाखाली घातले. फेकले असते तर मालकिणीला दिसले असते.

हॅना दोन-चार दिवसांत उठून बसली आणि तिने हट्टाने आपले नेहमीचे काम मागून घेतले. माळ्यावर जमिनीच्या फळ्यांवर चीज मांडलेले असे, एकेक चीज जात्याच्या तळीएवढे. ते रोज उलटायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे. त्याला डोळे लागत नाहीत. एक दिवस ती एका चीजवर हात ठेवून थांबली.

"डॅमी, ह्याच्या पोटात वारं आहे."

"माहीत आहे."

"हे बसेल पायाखाली. डुकरांना घाल. कोणाला कळणार नाही."

डॅमरिसने ते चीज उचललेसुद्धा. जड होते, गार होते, आणि दिसायला बाकीच्यांसारखेच. ती जिन्यापर्यंत गेली. मग परत आली आणि तिने ते होते तिथेच ठेवले.

"देवासमोर कुठं लपवू?" ती म्हणाली.

"देव काही चीज तुडवत नाही गं," हॅना म्हणाली, पण तिने पुढे आग्रह धरला नाही. त्या दिवशी ते चीज तिने जरा जास्तच मायेने पुसले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कलिमोरबाई स्वतः गोठ्यात उतरली. माळ्यावर मागच्या वर्षी या दिवसांत जेवढ्या फळ्या भरल्या होत्या तेवढ्या भरल्या नव्हत्या, आणि हे तिच्या नजरेतून सुटले नव्हते.

"कोणती चोरते?" तिने विचारले.

"पॅन्सी सगळ्यात जास्त," डॅमरिस म्हणाली.

"तिपाई दे. माझ्या आईच्या घरी मी धारा काढूनच मोठी झाले. गाईला फक्त कळलं पाहिजे, मालक कोण ते."

ती बसली. काळा कोट गुडघ्यांवर खोवला, डोके पॅन्सीच्या कुशीला लावले. चार धारा पडल्या. मग काही नाही. कलिमोरबाईने जोर लावला. पॅन्सीने शेपूट फिरवली, ती ओली शेपूट मालकिणीच्या गालावर बसली, आणि दुसऱ्या क्षणी मागचा पाय बादलीत. बादली उडाली. दूध कोटावर, मांडीवर, बुटांत. कलिमोरबाई तिपाईवरून सरळ मागे गेली आणि पेंढ्यावर बसली. टोपी एका डोळ्यावर.

पोरी एकमेकींच्या मागे सरकल्या. पॅन्सी रवंथ करू लागली.

"मूर्ख गाय," कलिमोरबाई टोपीखालून म्हणाली. मग गाईकडे नीट पाहत, जरा नरमाईने, "मी तुझी मालकीण आहे, बाई."

आणि डॅमरिस हसली. तिने ओठ चावले, एप्रन तोंडात कोंबला, पण ते कुठे थांबणार? किती महिन्यांचे साचलेले, बांध फुटल्यासारखे बाहेर आले. तिला खांब धरावा लागला. हसता हसताच तिला कळत होते की जुलै गेला, खोली गेली, आई गेली त्या कोरड्या खाटेवर. तरी हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी येत होते, ते कशाचे होते तिलाही सांगता आले नसते.

कलिमोरबाईने टोपी सरळ केली.

"म्हणजे तेवढं त्यानं खरंच लिहिलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, नोकरीसाठी कबूल केलंस."

"माफ करा, मालकीणबाई."

"गाईनं नाही मागितली, तू कशाला मागतेस? हात दे." ती उठली, कोट झटकला, बुटातले दूध ओतले. "माझी आई गायची," ती मध्येच म्हणाली, कोणाला सांगत होती ते कळले नाही. "मी विसरलेच होते. माझा गळा फुटका, म्हणून ती मला गप्प बसवायची. आणि मी तुला बसवलं. हिच्याकडे बस. हसणं तर झालंच आहे, आता गा."

डॅमरिस बसली. पहिल्यांदा सूर निघालाच नाही, घसा गंजलेला. मग तो आला, लांब, खाली उतरणारा. पॅन्सीने एक कान मागे वळवला. कासेत हळूहळू जडपणा भरत गेला, आणि धार बादलीच्या तळावर वाजू लागली. पलीकडून हेस्टरने तोच हेल उचलला, मग दुसऱ्या पोरींनी. भट्टीघराच्या खिडकीत हॅना उभी होती. तिला काही दिसत नव्हते. तिने दोन्ही हात चौकटीवर ठेवले होते आणि तिचेही ओठ हलत होते.

तरी जुलै यायचा होताच.

व्यापारी आला तो भरभक्कम माणूस, दोन माणसांइतका जड, आणि बूट त्याहून जड. माळ्याची जमीन शेंगांच्या वेलांच्या पाल्याने घासून काळीशार केलेली, तिच्यावर चीज एकाला एक लागून मांडलेले. त्याने रिवाजाप्रमाणे टोपी खिळ्याला अडकवली आणि तो चीजवर चढला. चांगले चीज माणसाचे ओझे पेलते. ज्याच्या पोटात पोकळी असते ते खचते. तो एका चीजवरून दुसऱ्यावर, सावकाश, टाचेवर भार देत चालला होता. कलिमोरबाई दारात, डॅमरिस तिच्या मागे, जिन्यात हॅना हेस्टरचा हात धरून. पावलांखेरीज आवाज नव्हता. एक ओळ झाली, दुसरी झाली.

तिसऱ्या ओळीच्या मध्यावर पचक असा आवाज झाला आणि व्यापाऱ्याचा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखे नाही.

"ते मे महिन्याचं," डॅमरिस पुढे होऊन म्हणाली. कोणी विचारायच्या आत. "आई आजारी होती. मी दही सोडून वर गेले. ते तेव्हाच फेकायला हवं होतं, तुम्हाला दिसेल म्हणून फेकलं नाही. नंतर कळलं तेव्हाही उचललं नाही."

"का नाही उचललंस?" कलिमोरबाईने विचारले.

"उचललं होतं. जिन्यापर्यंत नेलं. पुढं नेववलं नाही."

व्यापारी एका पायावर उभा राहून बुटातून चीज खरवडत होता. "बाई, या हंगामात इतक्या माळ्यांवर चाललो, सगळीकडे पाच-सहा तरी खचली. आता बाकीच्यांवर चालू द्या, मग भांडा."

तो शेवटपर्यंत चालला. दुसरे एकही खचले नाही. जूनचे चीज तर त्याने दोनदा तुडवले, दुसऱ्यांदा नुसतेच, बरे वाटले म्हणून.

कलिमोरबाईने खचलेल्या चीजचा एक तुकडा बोटाने काढून तोंडात टाकला, चघळला. "विकायचं नाही. घरी खाऊ. कांद्याबरोबर वाईट लागणार नाही." मग जिन्याकडे तोंड करून ती म्हणाली, "हेस्टर, शेंगांचा पाला आणायला पोरींना लाव. मायकेलमासच्या मालासाठी जमीन पुन्हा घासून घ्यायला हवी. कशी घासायची ते डॅमरिस सांगेल." आणि उतरता उतरता, हॅनाच्या जवळून जाताना, "हॅनाबाई, तुमच्या खोलीची खिडकी हिवाळ्यात वाजते का हो? मायकेलमासच्या आधी सुताराला दाखवू."

हॅनाने फक्त मान हलवली. डॅमरिस माळ्यावर एकटीच मागे राहिली. तिने खचलेले चीज दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवले. मग तिने त्याच्यावर बोटाने क्रूस काढला, वाईट झालेले चीज असूनही.

ती नपेंडला पुढे जन्मभर राहिली. हॅना त्या उबदार भिंतीला टेकूनच गेली, एका रविवारी, चर्चची घंटा चालू असताना. पुष्कळ वर्षांनी, डॅमरिसचे मातकट केस पांढरे झाले तेव्हा, एक वयस्क गृहस्थ काठी टेकत गोठ्याशी आले. त्यांनी टोपी काढली.

"इथं फ्लोरेला म्हणून... म्हणजे तिचं खरं नाव माझ्या लक्षात नाही. धारा काढणारी एक मुलगी होती या बाजूला. ती कशी आहे, ठाऊक आहे का?"

डॅमरिसने त्यांना तिपाई दिली, दुधाचा मग दिला. "बरी आहे, साहेब. चीज करते. जाड झाली."

साहेबांनी तिच्याकडे पाहिले, मग तिच्या हातांकडे, आणि त्यांचा चेहरा शेणात पडले होते त्या दिवसासारखा झाला. "अरे देवा," ते हळूच म्हणाले. "मी तुझे केस सोनेरी केले होते."

"गावाला फार आवडले ते."

"आणि त्या गाण्याला मी शब्द घातले."

"छान होते शब्द. मी एकदा म्हणून पाहिले होते. गाईंना नाही आवडले."

साहेब हसले, खोकले, पुन्हा हसले. मग गंभीर झाले. पुस्तक पुन्हा छापायचे म्हणतात, ते म्हणाले, आणि जे चुकले ते दुरुस्त करायची त्यांची इच्छा आहे. केस, पाय, शब्द, सगळेच.

डॅमरिसने विचार केला. एके काळी तिला हे सगळे खोडून हवे होते. आता त्या पोरीला तिथून हाकलायचे म्हटल्यावर तिला तिची दया आली. बिचारी तिथे सुखात होती, तिला थंडी वाजत नव्हती, बोटे दुखत नव्हती.

"केस राहू दे, साहेब," ती म्हणाली. "अनवाणीही राहू दे, तिच्या कुरणात शेण नाही. एकच करा. तिला आई द्या."

"आई?"

"तुमच्या पुस्तकात ती एकटीच गाते. कोणाकडून शिकली ते कळतच नाही."

साहेबांनी दुधाचा मग खाली ठेवला. गोठ्यात पॅन्सीची नात अस्वस्थ झाली होती, धारेची वेळ टळत होती. डॅमरिसने बादली उचलली.

"नाव काय होतं त्यांचं?" साहेबांनी विचारले.

"हॅना," ती म्हणाली, आणि गाईच्या कुशीला डोके लावून तिने हेल धरला.